साक्षर गावातला चोर

१

राजशेखर बिरादार आयुष्यात पहिल्यांदा चोरी करायला गेले, आणि त्यांच्या आधीच तिथं चोरी झालेली होती.

मंगळवारची सकाळ, सहाचा सुमार. कोरेवाडी हे भालकी तालुक्यातलं हजार-बाराशे वस्तीचं गाव. उसाचे ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्याला लागले होते, बाकी गाव अजून चूळ भरत होतं. राजशेखर मारुतीच्या देवळात गेले आणि घंटेशेजारच्या खिळ्यावरून वाचनालयाची किल्ली काढून घेतली. या गावाची ही जुनी पद्धत: किल्ली देवळात, ज्याला पेपर वाचायचा असेल त्यानं उघडावं. देवाला हात जोडायचं मात्र ते त्या दिवशी विसरले.

बासष्ट वर्षांचा, शिक्षण खात्यातून मानानं निवृत्त झालेला, गुलबर्ग्यात स्वतःचं घर असलेला हा माणूस बगलेत रिकामी पिशवी मारून, चपला हातात घेऊन वाचनालयाचा व्हरांडा ओलांडत होता. आपण कसे दिसतोय हे त्यांना कळत होतं. कपाटाला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. ती त्यांनी अलगद सरकवली. काल संध्याकाळी वरच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेले तीन गठ्ठे होते. आता फळी रिकामी होती.

त्या क्षणी त्यांना काय वाटलं ते सांगायलाच हवं, कारण पुढं त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. त्यांना हायसं वाटलं.

"सर?" मागून आवाज आला. "तुम्ही इतक्या सकाळी?"

दारात चैत्रा उभी होती, आणि राजशेखरांच्या चपला अजून त्यांच्या हातातच होत्या.

२

"दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो," राजशेखर म्हणाले. इतकं सफाईदार खोटं आपल्याला येतं हे त्यांना नवीन होतं असं नाही. तीस वर्षांपूर्वी एकदा येऊन गेलं होतं.

चैत्रा ही गुलबर्ग्याच्या एका संस्थेत संशोधन करणारी पोरगी. विषय मोठा होता: सरकार मोठाले कार्यक्रम काढतं, त्यांचे ढोल वाजतात, पण तीस वर्षांनी त्यातलं काय उरतं? त्यासाठी तिनं त्र्याण्णव सालची साक्षरता मोहीम निवडली होती आणि गाव निवडलं कोरेवाडी, कारण तालुक्यात सगळ्यात आधी 'पूर्ण साक्षर' ठरलेलं गाव तेच. वेशीत संगमरवरी फरशी आहे, तिच्यावर तसं कोरलंय. मोहिमेचे तेव्हाचे तालुका संयोजक म्हणून राजशेखरांना तिनं सल्लागार घेतलं होतं. ते लगेच हो म्हणाले. आपल्या कामाचं प्रेम असं तिला वाटलं. खरं कारण त्या लाल फडक्यात होतं.

त्र्याण्णव साली कोरेवाडीतल्या एकशे बारा प्रौढांनी शेवटची परीक्षा दिली. त्यातले एक्केचाळीस पेपर राजशेखरांनी स्वतःच्या हातानं लिहिले होते.

झालं होतं ते असं. गाव घरात मराठी बोलतं, बाजारात कानडी. मोहिमेची पुस्तकं आली कानडीची. बाया-बापड्यांनी चार महिने ती अक्षरं गिरवली. मग वरच्या कुणाच्या तरी लक्षात आलं की इथली माणसं मराठी आहेत, आणि मराठी पुस्तकं धाडली गेली, परीक्षेला अठरा दिवस राहिले असताना. एकाहत्तर जणांनी जिवाचं रान करून तेही शिकून घेतलं. बाकीच्यांच्या हातात ना हे राहिलं ना ते. समारंभाची तारीख ठरलेली, मंडप सांगितलेला, पाहुणे बंगळुरूहून निघालेले. शाळेच्या व्हरांड्यात बसून राजशेखरांनी एका दुपारीत एक्केचाळीस कोरे पेपर भरले. वर नावं घातलेली होती, ती त्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत. नावं पाहिली असती तर कदाचित हात थांबला असता.

तीस वर्षं त्यांनी स्वतःची समजूत घातली ती एका बाईच्या आधारावर. राजूबाई. तिनं समारंभात हातात कागद धरून भाषण वाचलं होतं आणि मंडप टाळ्यांनी दणाणला होता. निदान राजूबाई तरी खरी, असं ते मनाशी म्हणत आले होते.

"सर, काल मी गठ्ठे काढले तेव्हा इथं चारच माणसं होती," चैत्रा म्हणाली. तिचा चेहरा पडला होता; त्या पेपरांवर तिचं दोन वर्षांचं काम उभं होतं. "ते पेपर कपाटात आहेत हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तुम्ही या सगळ्यांना ओळखता. चोर तुम्हीच शोधा."

उशिरा पोहोचलेल्या चोराला अशा रीतीनं तपास सोपवण्यात आला. आणि चैत्राला 'नाही' म्हणण्यासाठी एकही कारण त्यांना सापडलं नाही.

३

पहिले हणमंतराव. त्र्याण्णव साली गावचे अध्यक्ष, आता पंचाहत्तरीचे, पण मिशा अजून पदावरच्या. फरशीवर गावाच्या नावापेक्षा त्यांचं नाव मोठं आहे.

"मी कामून चोरीन हो?" ते बाजेवरूनच गरजले. "त्या कागदांनी मला बंगळूरला नेलं, शाल पांघरली. मला न्यायचंच असतं तर वेशीतली फरशी नेली असती!"

"पण चैत्रा आता तपासणार, की कार्यक्रम यशस्वी झाला का नाही," राजशेखर म्हणाले.

"त्यात काय तपासायचंय? फरशी हाय की!" म्हातारा मनापासून बोलत होता. "घरोघरी बिनधुराच्या चुली बसविल्या सरकारनं, तवा बी असंच आले होते मोजायला. चूल हाय का? हाय. लिवून घेतलं आनि गेले. त्या चुलीत कोंबडी अंडी घालायली, ते कुणी इचारलं न्हाई."

राजशेखरांना आधी हसू आलं. चूल मोजणाऱ्यांत आणि आपल्यात फरक एवढाच, की त्यांनी निदान चूल बसवली तरी होती.

दुसरा काशप्पा. तेव्हा मोहिमेतला उत्साही स्वयंसेवक, पेपरांवर नावं घालणारा तोच. आता भालकीच्या रस्त्यावर त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. राजशेखरांना बघताच त्यानं गिऱ्हाईक बाजूला सारलं.

"अण्णा, ऐकलं मी," तो हळूच म्हणाला. "बरं झालं की मग. तुम्हालाबी बरं, मलाबी बरं."

"तू नेलेस?"

"मी? देवाशपथ न्हाई." त्यानं डोळे मिचकावले. "मला वाटलं, तुम्हीच नेलेत. मनात म्हणलं, अण्णा हुशार माणूस हाय, चैत्राबाईच्या हातात पडायच्या आधी काम उरकलं."

राजशेखर दुकानाची पायरी उतरले. तीस वर्षं या माणसानं तोंडातून ब्र काढला नव्हता, आणि आज आपल्याकडं तो साथीदार म्हणून बघत होता. त्याचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं.

४

तिसरा शिवराज, वाचनालय सांभाळणारा. चाळिशीचा, सरळ माणूस. त्यानं हरवलेल्या गठ्ठ्यांची यादीच करून ठेवली होती: साक्षरता परीक्षेचे पेपर, सत्त्याण्णवची जनावरांची मोजणी, आणि बिनधुराच्या चुलींची यादी.

"परीक्षेचे पेपर समजू शकतो, साहेब. पर म्हशींची यादी कुणाला पाहिजे? मेल्या असतील त्या म्हशी कवाच."

"काल तिथं तुम्ही चौघंच होता?"

"व्हय. हणमंतराव, काशप्पा, मी आनि राजूबाई. राजूबाई तर रोजच येती, पेपर घेऊन तासभर बसती." त्याच्या आवाजात आदर आला. "लई तत्त्वाची बाई हाय. गावातल्या बाया पत्र नाहीतर नोटीस घेऊन तिच्याकडं गेल्या, तर वाचत न्हाई. म्हनती, दुसऱ्याचं गुपित आपण वाचू नये. शाळेत जावा म्हनती, मास्तरांकडं. आनि भक्ती तर काय सांगावी, महिन्याला गाणगापूर चुकत न्हाई. दर पुनवंला दत्ताच्या दर्शनाला."

राजूबाई अंगणात सुपानं तूर पाखडत होती. सत्तरीला टेकलेली, कपाळावर मोठं कुंकू, पाठ अजून ताठ. राजशेखरांना बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर सावरला.

"या, साहेब. काल बघितलं तुम्हाला. म्हातारे झालाव."

"तीस वर्षं झाली, राजूबाई. तुमचं भाषण अजून आठवतंय मला."

तिनं मान हलवली. हसली नाही. राजशेखरांनी शिवराजची यादी तिच्यापुढं धरली, "हे गठ्ठे गेलेत. यातलं काही कुणाकडं दिसलं का बघा."

तिनं कागद हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि परत दिला. "तुमीच वाचून दावा की. तुमचा आवाज चांगला हाय."

त्यांनी वाचून दाखवलं. जनावरांच्या मोजणीपाशी आल्यावर ती एकदम म्हणाली, "असलं बी व्हतं व्हय त्यात?" आणि पदर पुन्हा सावरला. भिंतीवर एका तरुण मुलीचा लग्नातला फोटो होता. राजशेखरांनी विषय बदलायचा म्हणून विचारलं.

"रेणुका. उदगीरकडं दिली हाय. येती सणावाराला. मुक्काम करत न्हाई."

"का बरं?"

"तिला इचारा," राजूबाई म्हणाली आणि परत सूप उचललं.

निघताना राजशेखरांना उगीच बरं वाटत होतं. बाई कोरडी बोलली, पण होती तशीच ताठ होती. संध्याकाळी त्यांनी चैत्राला सांगितलं की चौघांपैकी कुणावरच संशय घेता येत नाही. तो त्यांचा अहवाल जेमतेम एक रात्र टिकला.

५

बुधवारी सकाळी शिवराज वाचनालय झाडत होता. पेपर येऊन पडला होता, खुर्ची रिकामी होती.

"राजूबाई आज दिसत नाहीत," चैत्रा म्हणाली.

"पहाटंच्या गाडीनं गाठोडं घेऊन गाणगापूरला गेली. मला बी नवल वाटलं. आज पुनव न्हाई, अमावस्या न्हाई, गुरुवार बी न्हाई."

राजशेखर कपाटासमोर उभे होते. खालच्या फळ्यांवर पांढऱ्या नि पिवळ्या फडक्यातले दहा-बारा गठ्ठे होते. प्रत्येकावर चैत्रानं सोमवारी चिठ्ठी डकवली होती, जाड निळ्या अक्षरात, वर मराठी, खाली कानडी. तीन हातांवरून वाचता येईल अशी.

"हरवलेल्या गठ्ठ्यांवरही अशाच चिठ्ठ्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"हो सर. तिन्हींवर. मी स्वतः लावल्या. 'साक्षरता परीक्षा' तर सगळ्यात मोठ्या अक्षरात."

"मग चोरानं तिन्ही का नेले?"

"घाईत असेल."

"घाई असलेला माणूस ओझं कमी करतो, चैत्रा. एक गठ्ठा पाच किलोचा आहे. ज्याला परीक्षेचे पेपर हवेत त्यानं चिठ्ठी वाचावी, तो गठ्ठा उचलावा आणि चालू पडावं. म्हशींची यादी कशाला वाहायची?" बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "चोराला एवढंच माहीत होतं की गठ्ठा लाल फडक्यात होता. लाल तीन होते. त्यातला कुठला, हे त्याला कळेना. म्हणून त्यानं तिन्ही नेले."

चैत्रानं एका चिठ्ठीवरून बोट फिरवलं. "म्हणजे..."

"म्हणजे चोराला वाचता येत नाही."

हणमंतरावांना येतं. काशप्पाला येतं. शिवराज तर दिवसभर तेच करतो. उरलं एक नाव. जी बाई रोज पेपर घेऊन बसते पण कुणाचं पत्र वाचत नाही. जिनं यादी हातात घेऊन परत दिली. आणि जी आज भलत्याच दिवशी, हातात ओझं घेऊन, जिथं तिला कुणी ओळखत नाही अशा गावाला गेली.

"पण सर, हे गाव तर पूर्ण साक्षर आहे," चैत्रा म्हणाली. "राजूबाईंचा पेपर ब्याण्णव गुणांचा आहे. मी आकडा पाहिलाय. वाचता येत नाही असं कसं होईल?"

हा प्रश्न येणार हे राजशेखरांना दिसत होतं. चोर सापडला म्हणायचं तर याचं उत्तर द्यायला लागणार होतं, आणि ते उत्तर एकाच माणसाजवळ होतं. गप्प बसले असते तर कोडं तिथंच मिटलं असतं. त्यांनी कपाटाची कडी लावली.

"गाडीत सांगतो," ते म्हणाले. "चल, गाणगापूरला जायचंय."

६

गुलबर्ग्यापर्यंतच्या गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. कानडी पुस्तकं, अठरा दिवस, शाळेचा व्हरांडा. मंगळवारी सकाळी चपला हातात का होत्या, तेही. खिडकीबाहेर तुरीची शेतं पळत होती आणि चैत्राची वही मांडीवर मिटलेलीच होती.

"तुम्हाला मी माझ्या संशोधनात 'आदर्श कार्यकर्ता' असं लिहिलंय," शेवटी ती एवढंच म्हणाली.

राजशेखरांनी मान खाली घातली. लोकांनी शिव्या दिलेल्या परवडतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

गाणगापुरात देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत नागरत्ना अक्काचं छोटं लॉज आहे, महाराष्ट्रातून येणाऱ्या भाविकांसाठी; राजूबाई नेहमी तिथंच उतरते, हे शिवराजनं सांगितलं होतं. पुढच्या ओट्यावर एक लाल फडकं सोडून पसरलं होतं. एक गठ्ठा म्हशींचा, एक चुलींचा, नीट बांधून बाजूला ठेवलेले. तिसरा उघडा होता. चष्मा लावून नागरत्ना अक्का एकेक पेपर उचलून वरचं नाव वाचत होती आणि समोर मांडी घालून राजूबाई ऐकत होती.

राजूबाईनं दोघांना येताना पाहिलं. दचकली नाही, पदराआड काही लपवलं नाही.

"या, साहेब," ती म्हणाली. "उशीर केलाव. आत्ताच सापडला."

तिच्या हातात एक पिवळा पडलेला पेपर होता, आणि तो तिनं चक्क राजशेखरांच्या पुढं धरला.

७

"तुम्ही हे जाळायला आणलेत ना?" राजशेखर म्हणाले. "लाज वाटली म्हणून?"

"मी?" राजूबाईनं त्यांच्याकडं रोखून बघितलं. "जाळणार तुमी व्हतात. सोमवारी या पोरीनं गठ्ठा वर काढला तवा मी तुमचं तोंड बघितलं. म्हणलं, हा माणूस उद्या सकाळी ह्याचं काय तरी करतोय. म्हणून त्याच सांजंला मी नेलं. मला पायजे व्हता ह्यो कागद. जित्ता पायजे व्हता."

मग ती सांगत गेली, आणि नागरत्ना अक्कानं पाण्याचा तांब्या पुढं सारला तरी कुणी त्याला हात लावला नाही.

समारंभातलं भाषण काशप्पानं तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. कागद नुसता हातात. त्यानंतर गावानं तिला वाचणारी बाई करून टाकलं. रेणुकाचं लग्न जमवताना पाहुण्यांना वेशीतली फरशी दाखवली, मुलीची आई शिकलेली आहे म्हणून. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी रेणुकाचं पत्र आलं.

"गावात कुणाला दावू? मी वाचणारी ना! चार दिस उशाखाली घेऊन झोपले. मालकाला बी येत नव्हतं वाचायला. मास्तरकडं जावं म्हणलं तर पाय उचलंना. मग पुनव आली तवा इथं आले. अक्कानं वाचलं." तिनं नागरत्नाकडं बघितलं. "पत्र येऊन बारावा दिस व्हता. लेकीनं लिवलं व्हतं, माय, पोटात दुखायलंय, हे लोक दवाखान्यात न्यायलेले न्हाईत, तू ये. मी तशीच उदगीरला पळाले. सात महिन्यांचं गेलं व्हतं तिचं. पुन्हा तिला झालं न्हाई."

राजशेखर ओट्यावर खाली बसले.

"ती म्हणली, वाचून बी आली न्हाईस. काय सांगू मी तिला? पुढं धाडस करून सांगितलं एकदा, की मला येत न्हाई वाचायला. तर म्हणली, आता खोटं बी बोलायलीस? नाव हाय तुजं साक्षरांच्या यादीत, ब्याण्णव मार्क हायत. मग दुसरी मोहीम आली गावात, शिकायचं म्हणून मी वर्गात जाऊन बसले. शिकविणारी पोरगी म्हणली, मावशी, तुमचं नाव साक्षरांत हाय, तुम्हाला घेता येत न्हाई. तवापासून रोज पेपर घेऊन बसते. एकलीच. काय तरी उमगंल म्हणून."

राजशेखरांनी पेपर हातात घेतला. अक्षर त्यांचंच होतं, उजवीकडं झुकणारं, ओळीच्या शेवटी खाली उतरणारं. शेवटचा प्रश्न होता, 'स्वतःबद्दल दोन ओळी लिहा.' एक्केचाळीस पेपरांत त्यांनी एक्केचाळीस वेगवेगळ्या ओळी रचल्या होत्या, कुणाला शंका येऊ नये म्हणून. ही त्यांना चांगली आठवत होती. ही सुचली तेव्हा ते स्वतःवर खूश झाले होते. समारंभात पाहुण्यांनी कुणाचं नाव न घेता ती वाचून दाखवली होती.

'आता मी माझ्या लेकीचं पत्र माझं मी वाचते. मला कुणाच्या दारात जावं लागत नाही.'

"अक्कानं आत्ता वाचून दावलं मला," राजूबाई म्हणाली. "तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, मी काय लिवलं व्हतं."

ती उठली आणि गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. "अक्षर माझं न्हाई असं मी म्हणून लेक मानायची न्हाई. ज्याचं हाय त्यानं सांगायला पायजे. येताव का उदगीरला?"

८

गुरुवारी भालकीहून उदगीरच्या गाडीत चैत्रानं वही उघडली. सकाळपर्यंत तिनं सगळे पेपर पाहून काढले होते. "एकाहत्तर खरे आहेत, सर. एकेकाचं अक्षर निराळं, चुका निराळ्या. एका म्हाताऱ्यानं तर उत्तराच्या जागी स्वतःच्या बैलांची नावं लिहिलीत. मी याला काय म्हणू? यश की अपयश?"

"आधी त्या एकाहत्तरांचं लिही," राजशेखर म्हणाले. "अठरा दिवसांत शिकली ती माणसं. मी तेवढंच वर पाठवलं असतं तर उरलेल्यांसाठी वर्ग पुढं चालू राहिला असता. मी सगळे पास केले आणि दुसऱ्या दिवशी वर्ग बंद झाला. तेही लिही, माझ्या नावानिशी."

तिनं लिहून घेतलं. पुढच्या बाकावर राजूबाई पिशवी छातीशी धरून बसली होती.

रेणुकाचं घर उदगीरपासून दोन कोसांवर, रस्त्याकाठी. पंचेचाळिशीची, आईसारखीच ताठ बाई. तिनं दारातच उभं राहून राजशेखरांचं सगळं ऐकून घेतलं. त्यांनी काही सौम्य केलं नाही. मी लिहिलं, तुमच्या आईला वाचता येत नव्हतं, आजही येत नाही, तुमचं पत्र त्यांनी गाणगापूरला नेऊन वाचून घेतलं, असं स्पष्ट सांगितलं.

"तिनं आणलं असंल तुम्हाला शिकवून," रेणुका म्हणाली. आत गेली, एक कोरा कागद आणि पेन घेऊन आली आणि ओसरीच्या कठड्यावर ठेवलं. "लिहा. हीच ओळ. माझ्यासमोर."

राजशेखरांनी पेन हातात घेतलं. आता मी माझ्या लेकीचं पत्र माझं मी वाचते. तेव्हा ही ओळ झरझर उतरली होती. आता एकेक शब्द सावकाश उतरला, तरी अक्षर तेच आलं, उजवीकडं झुकणारं, शेवटी खाली उतरणारं. रेणुकानं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. एकेक अक्षर बोटानं जुळवून बघितलं.

मग तिनं आईकडं बघितलं. "ते पत्र घेऊन गाणगापूरला गेल्तीस?"

"व्हय."

"इतक्या लांब? एकली?"

"तीन गाड्या बदलून," राजूबाई म्हणाली. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक जुनं आंतर्देशीय पत्र काढलं. घड्यांवर ते विरलं होतं. "हे मी परक्याच्या तोंडून ऐकलंय, रेणू. तुज्या तोंडून एकदा वाच."

रेणुकानं पत्र घेतलं. आईच्या हातातली पिशवीही घेतली आणि तिला आत नेलं. उघड्या दारातून तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता. पहिल्या दोन ओळी नीट आल्या. मग ती थांबली, आणि आतून दोघींचं रडणं ऐकू आलं.

चैत्रा रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. राजशेखर अंगणातच होते, उन्हात, हात बांधून. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.